जुने ऑक्टेव्ह पेडल घेताना : दोष कोणता, स्वभाव कोणता?

भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर ६ मध्ये राहणाऱ्या एखाद्या बेस गिटारवादकाने ऑक्टेव्ह पेडल घेण्याचे ठरवले, तर त्याच्यासमोर दोन मार्ग असतात. नवे पेडल महानगरातील दुकानातून मागवणे हा एक, आणि कुणी तरी वापरलेले जुने पेडल विकत घेणे हा दुसरा. दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे आणि म्हणूनच अनेक तरुण वादक तो स्वीकारतात. मात्र या उपकरणाच्या बाबतीत एक वेगळीच अडचण आहे. ऑक्टेव्ह पेडल अगदी नवे असतानाही काही स्वरांवर अडखळते. त्यामुळे जुने पेडल वाजवून पाहताना ते अडखळले, तर तो बिघाड समजायचा की उपकरणाचा स्वभाव, हा प्रश्न खरेदीदारापुढे उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यास दोन्ही प्रकारे नुकसान होते. उत्तम स्थितीतील पेडल सदोष समजून नाकारले जाते किंवा बिघडलेले पेडल 'जुन्या सर्किटचा खास आवाज' या नावाखाली चढ्या किमतीला गळ्यात पडते. हा फरक ओळखण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीची आवश्यकता नाही. उपकरणाचे काम कसे चालते याची जुजबी माहिती आणि पंधरा-वीस मिनिटांची शिस्तबद्ध तपासणी एवढे त्यासाठी पुरेसे आहे.

ऑक्टेव्ह म्हणजे सप्तक

पाश्चात्त्य संगीतातील ऑक्टेव्ह ही संकल्पना भारतीय वाचकांना सप्तक या नावाने परिचित आहे. मध्य सप्तकातील षड्जाची जेवढी कंपने असतात, त्याच्या निम्मी कंपने मंद्र सप्तकातील षड्जाची असतात. भातखंडे स्वरलिपीत मंद्र स्वराखाली टिंब देण्याची पद्धत आहे. ऑक्टेव्ह पेडल वाजवलेल्या प्रत्येक स्वराखाली जणू असे एक टिंब देते. वादकाने छेडलेला स्वर आणि त्याच्या खालच्या सप्तकातील तोच स्वर, असे दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. काही पेडल्समध्ये आणखी एक सप्तक खाली जाण्याची सोय असते, तर काहींमध्ये वरच्या सप्तकातील स्वरही मिळतो.

बेस गिटार हे मुळातच खर्जाचे वाद्य आहे. चार तारांच्या बेस गिटारमध्ये सर्वांत जाड, म्हणजे ई तारेची वारंवारता सुमारे ४१ हर्ट्झ असते. त्यानंतरच्या ए तारेची ५५ हर्ट्झ, डी तारेची सुमारे ७३ हर्ट्झ आणि जी तारेची ९८ हर्ट्झ असते. मानवी श्रवणाची खालची मर्यादा साधारणपणे २० हर्ट्झ मानली जाते. याचा अर्थ असा की, मोकळी ई तार छेडून एक सप्तक खाली गेल्यास सुमारे २०.६ हर्ट्झ, म्हणजे ऐकू येण्याच्या अगदी सीमेवरचा स्वर तयार होतो. त्यामुळे बेसवर या पेडलचा खरा उपयोग वरच्या पडद्यांवर होतो. तेथे वाजवलेल्या स्वरांना खालून भरीव आधार मिळतो आणि एकटे बेस गिटार सिंथेसायझरच्या खर्जासारखे ऐकू येते.

वाद्यवृंदांतून या पेडलला असलेल्या मागणीचे कारणही हेच आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील बेस गिटारची परंपरा जुनी आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. पुढील काळात मात्र अनेक गीतांतील खर्जाची बाजू सिंथेसायझरकडे गेली. अशी गीते व्यासपीठावर सादर करताना चार तारांच्या साध्या बेसचा आवाज अपुरा वाटू शकतो. अतिरिक्त कीबोर्डवादकाचे मानधन परवडत नसलेल्या लहान वाद्यवृंदांसाठी ऑक्टेव्ह पेडल हा सोयीचा पर्याय ठरतो.

भिलाईतील परिस्थिती

भिलाईचा पोलाद कारखाना भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून उभा राहिला. त्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्यासोबत सेक्टरनिहाय वसाहत उभी राहिली आणि देशाच्या विविध प्रांतांतील कुटुंबे तेथे स्थायिक झाली. १९५६ पूर्वी दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या भागाचा मराठी भाषकांशी असलेला संबंध कारखान्यापेक्षाही जुना आहे. गणेशोत्सव आणि दुर्गापूजा या दोन्ही उत्सवांच्या व्यासपीठांवर निरनिराळ्या भाषांतील गीतांची मागणी होते. साहजिकच वादकाला विविध प्रकारचे ध्वनी हाताशी ठेवावे लागतात.

मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेल्या भिलाईपासून मुंबई सुमारे १,१०० किलोमीटर, तर कोलकाता साडेआठशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. केवळ एक पेडल वाजवून पाहण्यासाठी एवढा प्रवास करणे व्यवहार्य नाही. त्यामुळे व्यवहार दोनच प्रकारे होतात. एक तर भिलाई, दुर्ग, रायपूर परिसरातील ओळखीच्या वादकाकडून प्रत्यक्ष खरेदी होते किंवा दूरच्या अनोळखी विक्रेत्याकडून कुरिअरने पेडल मागवले जाते. या दोन्ही प्रकारांत घ्यावयाची काळजी वेगवेगळी आहे.

पेडलच्या आत काय घडते?

जुन्या पद्धतीचे ऑक्टेव्ह पेडल प्रत्यक्षात एक मोजणी यंत्र असते. तारेच्या प्रत्येक कंपनाबरोबर विद्युत संकेत वर-खाली होतो. पेडलमधील सर्किट ही आवर्तने ओळखते आणि दर दोन आवर्तनांमागे एक आवर्तन तयार करते. दोनास एक या हिशेबाने वारंवारता निम्मी होते आणि स्वर एक सप्तक खाली जातो. हीच क्रिया पुन्हा केल्यास चारास एक, म्हणजे दोन सप्तके खालचा स्वर मिळतो.

जपानच्या रोलँड कंपनीच्या बॉस या नाममुद्रेचे ओसी-२ हे पेडल या प्रकारातील सर्वांत परिचित उदाहरण होय. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या या तपकिरी रंगाच्या पेडलचे उत्पादन २००३ मध्ये थांबले. त्यावर तीन बटणे आहेत. एक सप्तक खालचा स्वर, दोन सप्तके खालचा स्वर आणि मूळ स्वर यांचे प्रमाण त्यांद्वारे स्वतंत्रपणे ठरवता येते. वेल्समधील बेसवादक पिनो पॅलॅडिनो यांच्या १९८० च्या दशकातील वादनामुळे या पेडलची ख्याती जगभर पसरली. उत्पादन थांबल्यानंतर जुन्या बाजारात त्याला विशेष मागणी आली.

त्यानंतर आलेल्या ओसी-३ मध्ये एकाच वेळी अनेक स्वर हाताळण्याची डिजिटल सोय देण्यात आली. २०२० मध्ये आलेल्या ओसी-५ मध्ये ही सोय आहेच, शिवाय ओसी-२ च्या आवाजाची आठवण करून देणारी स्वतंत्र पद्धतही आहे. अमेरिकेतील इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या पॉग मालिकेतील पेडल्सही डिजिटल पद्धतीची असून ती संपूर्ण झंकार, म्हणजे एकत्र छेडलेले अनेक स्वर, सांभाळू शकतात. एमएक्सआर कंपनीचे बेस ऑक्टेव्ह डिलक्स हे खास बेससाठी बनवलेले पेडल आहे. बेहरिंगर कंपनीचे प्लॅस्टिक आवरणातील यूओ-३०० हे स्वस्त पर्याय म्हणून ओळखले जाते. जुन्या बाजारात ही सर्व नावे एकत्रच दिसतात. परंतु त्यांची तपासणी एकाच मापाने करणे योग्य नाही.

स्वभाव : बिघाड नसलेल्या गोष्टी

मोजणी करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पेडलला एका वेळी एकच स्वर समजतो. दोन तारा एकत्र छेडल्यास आवर्तनांची सरमिसळ होते आणि पेडलमधून घोगरा, विस्कळीत आवाज येतो. हा दोष नव्हे. डिजिटल पद्धतीच्या पेडलमध्ये मात्र असे घडल्यास ते निश्चितच चिंतेचे कारण आहे.

दुसरा मुद्दा खालच्या स्वरांचा आहे. जाड तारेच्या संकेतात मूळ स्वराबरोबरच त्याचे उपस्वरही ठळक असतात. अनेकदा दुप्पट वारंवारतेचा उपस्वर मूळ स्वरापेक्षा प्रबळ होतो. अशा वेळी सर्किटची मोजणी चुकते आणि खालचा स्वर क्षणभर वरच्या सप्तकात उडी मारून परत येतो. ई तारेवरील खालच्या पडद्यांवर असे घडणे जुन्या पेडल्समध्ये अपेक्षितच आहे. ए तारेच्या खालच्या भागातही थोडी अस्थिरता जाणवू शकते.

तिसरा मुद्दा स्वराच्या शेवटाचा. तार छेडल्यानंतर तिचे कंपन हळूहळू मंदावते आणि संकेत क्षीण होतो. एका मर्यादेनंतर पेडलला तो मोजता येत नाही. त्या वेळी खालचा स्वर तुटक होतो किंवा एकाएकी नाहीसा होतो. स्वर पुरेसा वेळ टिकून शेवटी असे झाले, तर ते स्वाभाविक समजावे.

चौथा मुद्दा अडॅप्टरचा आहे आणि त्यामुळे अनेक चांगली पेडल्स नाहक नाकारली जातात. बॉसच्या काही जुन्या पेडल्सवर अडॅप्टरसाठी 'एसीए' असा निर्देश असतो, तर नंतरच्या पेडल्सवर 'पीएसए' असा. एसीए प्रकारच्या पेडलला आजचा सर्रास मिळणारा ९ व्होल्टचा अडॅप्टर जोडल्यास त्याला अपेक्षेपेक्षा कमी दाब मिळतो. परिणामी दिवा मंद लागतो आणि आवाजही कमकुवत वाटू शकतो. तेच पेडल ताज्या बॅटरीवर उत्तम चालते. तेव्हा बॅटरीवर चालणारे आणि अडॅप्टरवर मंदावणारे पेडल बिघडलेले आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

दोष : नाकारण्यास किंवा किंमत कमी करण्यास पुरेशा गोष्टी

खालचे स्वर जेथे अडखळतात, तेथे शंकेचा फायदा पेडलला देता येतो. वरच्या स्वरांवर तसा फायदा देण्याचे कारण नाही. जी तारेच्या बाराव्या पडद्यावरील स्वर १९६ हर्ट्झचा असतो. त्याच्या एक सप्तक खालचा स्वर ९८ हर्ट्झ आणि दोन सप्तके खालचा ४९ हर्ट्झ असतो. हा टापू कोणत्याही सुस्थितीतील ऑक्टेव्ह पेडलसाठी सोपा आहे. बॅटरी ताजी असताना आणि इतर तारा हाताने दाबून ठेवलेल्या असताना येथे खालचा स्वर थरथरत असेल, तर बिघाड आहे असे समजावे.

केवळ अतिशय जोराने छेडल्यावरच खालचा स्वर उमटत असेल, तरीही संकेत ओळखणारा भाग कमकुवत झाला असण्याची शक्यता असते. एक सप्तक खालचा स्वर नीट येतो आणि दोन सप्तके खालचा मुळीच येत नाही, असे असेल तर सर्किटचा दुसरा टप्पा किंवा त्याचे बटण निकामी झालेले असू शकते. तार न छेडताही पेडलमधून सतत घरघर येत असेल, तर तेही चांगले लक्षण नव्हे.

याउलट काही दोष खरे असले तरी किरकोळ असतात. बटण फिरवताना खरखर होणे हे बहुधा आत साचलेल्या धुळीमुळे घडते आणि संपर्क स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याने ते दूर होते. पायाने दाबण्याचा स्विच कधी लागतो, कधी लागत नाही, हे आतील छोट्या स्विचच्या झिजेमुळे होते. केबल हलवल्यावर आवाज तुटणे हे सैल झालेल्या जॅकचे लक्षण आहे. डाखकाम जाणणाऱ्या कारागिराला या दुरुस्त्या कठीण नाहीत. अशा दोषांपायी पेडल नाकारण्याऐवजी दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घेणे शहाणपणाचे ठरते.

तीस-चाळीस वर्षांच्या पेडलमध्ये आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालौघात क्षीण होतात. बॅटरीच्या कप्प्यात पांढरट किंवा हिरवट भुकटी दिसल्यास कधी काळी बॅटरी आत गळल्याचे ते चिन्ह असते. ती केवळ टोकांवर असेल तर स्वच्छ करता येते. सर्किटपर्यंत पोहोचली असेल तर व्यवहार टाळलेला बरा.

तपासणीचा क्रम

प्रत्यक्ष भेटीत तपासणी करताना खरेदीदाराने आपले स्वतःचे बेस गिटार, खात्रीच्या दोन केबल आणि ९ व्होल्टची नवी बॅटरी सोबत न्यावी. विक्रेत्याच्या सामग्रीवर तपासणी केल्यास दोष पेडलचा की केबलचा, हे कळत नाही.

कारखान्याच्या वसाहतीत आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो. रात्रपाळी करून आलेला शेजारी दुपारी झोपलेला असू शकतो, आणि खर्जाचा आवाज भिंतीतून सहज पलीकडे जातो. त्यामुळे हेडफोन जोडता येईल असा लहान अँप्लिफायर अशा तपासणीस सर्वांत सोयीचा. त्याचा आणखी एक लाभ असा की, लहान स्पीकरमधून जे खालचे स्वर ऐकूच येत नाहीत, ते चांगल्या हेडफोनमधून स्पष्ट ऐकू येतात.

प्रथम पेडलचे बाह्य निरीक्षण करावे. तळाचे स्क्रू झिजलेले असतील, तर पेडल पूर्वी उघडले गेले आहे असे समजावे. ते कशासाठी उघडले होते, हे विक्रेत्याला विचारावे. दुरुस्ती झाली असणे हा काही अपराध नव्हे. ती लपवणे मात्र गैर आहे. तळाच्या पट्टीवरील उत्पादनाचा देश आणि क्रमांक टिपून ठेवावा. ओसी-२ प्रारंभी जपानमध्ये आणि नंतर तैवानमध्ये तयार होत असे. जपानी पेडलला अधिक किंमत मागितली जाते. परंतु सुस्थितीतील तैवानी पेडल सदोष जपानी पेडलपेक्षा केव्हाही श्रेयस्कर, हे विसरू नये.

त्यानंतर पेडल बॅटरीवर सुरू करावे. अशा पेडलमध्ये सामान्यतः गिटारची केबल प्रवेशाच्या जॅकमध्ये घातल्यावरच बॅटरीचा प्रवाह सुरू होतो. त्यामुळे केबल न जोडता दिवा लागत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बॅटरीवर आवाज स्वच्छ आणि अडॅप्टरवर गुणगुण येत असेल, तर दोष बहुधा अडॅप्टरचा किंवा घरातील अर्थिंगचा असतो, पेडलचा नव्हे.

आता पेडल बंद ठेवून काही स्वर वाजवावेत. मग ते सुरू करून केवळ मूळ स्वराचे बटण वर ठेवावे. दोन्ही आवाजांत मोठी तफावत नसावी. त्यानंतर मूळ स्वर पूर्णपणे बंद करून फक्त एक सप्तक खालचा स्वर ऐकावा. जी तारेच्या बाराव्या पडद्यापासून प्रारंभ करून एकेक पडदा खाली यावे, नंतर डी, ए आणि शेवटी ई तारेवर जावे. प्रत्येक स्वर दोन-तीन सेकंद टिकू द्यावा. कोणत्या स्वरापासून अस्थिरता सुरू होते, याची नोंद करावी. हीच कृती दोन सप्तके खालच्या स्वरासाठी पुन्हा करावी.

कानावर विश्वास नसेल, तर पेडलनंतर ट्यूनर जोडावा. वारंवारता हर्ट्झमध्ये दाखवणारे ट्यूनर मोबाइल संचावरही उपलब्ध आहेत. बाराव्या पडद्यावरील जी स्वरासाठी एक सप्तक खाली ९८ च्या आसपास आकडा स्थिर राहिला, तर मोजणी अचूक आहे. आकडा ९८ आणि १९६ यांच्यामध्ये उड्या मारत असेल, तर मोजणी चुकत आहे. विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात मतभेद झाल्यास हा आकडा दोघांनाही मान्य होण्यासारखा निवाडा देतो.

स्वर अडखळला तर निष्कर्ष काढण्यापूर्वी वादनपद्धती बदलून पाहावी. गिटारवरील टोनचे बटण कमी करावे, मानेकडील पिकअप निवडावा आणि तार मानेच्या बाजूला छेडावी. त्यामुळे उपस्वर कमी होऊन मूळ स्वर ठळक होतो. एवढ्याने अस्थिरता नाहीशी झाली, तर तो पेडलचा स्वभाव होता. तरीही ती वरच्या स्वरांवर कायम राहिली, तर तो दोष आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मोठ्या अँप्लिफायरवर, मूळ स्वर बंद ठेवून ई किंवा ए तारेचे खालचे स्वर मोठ्या आवाजात वाजवू नयेत. २० ते ३० हर्ट्झच्या स्वरांमुळे स्पीकरचा पडदा फार दूरवर हलतो. कानाला काहीच ऐकू येत नसल्याने वादक आवाज वाढवत जातो आणि स्पीकरला इजा होऊ शकते.

दूरच्या विक्रेत्याकडून खरेदी

कुरिअरने पेडल मागवताना विक्रेते बहुधा मोबाइलवर चित्रित केलेली ध्वनिचित्रफीत पाठवतात. ऑक्टेव्ह पेडलच्या बाबतीत हा पुरावा अत्यंत दुबळा आहे. मोबाइलचा इवलासा स्पीकर ५० किंवा ९८ हर्ट्झचा स्वर परिणामकारकपणे निर्माण करूच शकत नाही. म्हणजे पेडल ज्या कामासाठी घ्यायचे, नेमके तेच चित्रफितीत ऐकू येत नाही. खोलीतील ध्वनी टिपणाऱ्या मोबाइलच्या ध्वनिक्षेपकालाही खर्जाच्या बाबतीत मर्यादा असतात.

यावर उपाय म्हणजे पेडलचा आवाज थेट संगणकावर ध्वनिमुद्रित करून पाठवण्याची विनंती करावी आणि तो हेडफोनवर ऐकावा. ध्वनिमुद्रणात वर सांगितलेल्या क्रमानेच स्वर वाजवण्यास सांगावे. केवळ मूळ स्वर, केवळ एक सप्तक खालचा आणि केवळ दोन सप्तके खालचा, असे तीन स्वतंत्र भाग असावेत. ते शक्य नसल्यास चित्रफितीत पेडलनंतर जोडलेल्या ट्यूनरचा आकडा स्पष्ट दिसावा, एवढा तरी आग्रह धरावा. पेडलचा तळ, बॅटरीचा कप्पा आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद एकाच छायाचित्रात मागावा. त्यामुळे पेडल खरोखर विक्रेत्याच्या ताब्यात आहे, याची बऱ्याच अंशी खात्री पटते.

पैसे देण्याच्या बाबतीत एक नियम विक्रेत्यांनीही पाठ करावा. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारण्यासाठी पिन क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. 'पैसे पाठवतो, हा संकेत स्कॅन करून पिन टाका' असे सांगणारा खरेदीदार फसवणूक करत आहे, असे निःशंक समजावे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

पार्सल पाठवताना विक्रेत्याने बॅटरी काढून घ्यावी आणि बटणांवर दाब येणार नाही अशी बांधणी करावी. खरेदीदाराने पार्सल उघडतानाचे अखंड चित्रीकरण करावे आणि त्याच दिवशी तपासणी पूर्ण करावी.

किंमत कशी ठरवावी?

जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या रकमेला झाले, याला महत्त्व आहे. किंमत ठरवताना तेच काम करणाऱ्या नव्या पेडलची किंमत आधी पाहावी. उदाहरणादाखल, नवे पेडल दहा हजार रुपयांना वॉरंटीसह मिळत असेल आणि जुन्यासाठी आठ हजार मागितले जात असतील, तर दोन हजारांच्या बचतीसाठी वॉरंटी सोडणे योग्य आहे का, याचा विचार करावा. त्यात स्विच बदलण्याचा आणि नव्या अडॅप्टरचा खर्च धरल्यास ही बचत आणखी घटते.

उत्पादन थांबलेल्या ओसी-२ सारख्या पेडलला हा हिशेब पूर्णपणे लागू होत नाही. त्याच्या किमतीत दुर्मीळतेचे मूल्यही समाविष्ट असते. तथापि ओसी-५ मध्ये जुन्या आवाजाची सोय झाल्यानंतर व्यासपीठावर वाजवणाऱ्या वादकाने हे मूल्य मोजलेच पाहिजे असे राहिलेले नाही. संग्राहकाची गरज आणि वादकाची गरज भिन्न असते. उत्सवाच्या हंगामात चार कार्यक्रम करून पेडलची किंमत वसूल करू पाहणाऱ्या तरुणाने आपण या दोहोंपैकी कोण आहोत, हे आधी ठरवावे.

कायदा काय सांगतो?

जुन्या वस्तूंच्या व्यवहारांना मालविक्री अधिनियम, १९३० लागू होतो. त्याच्या कलम १४ नुसार, वस्तू विकण्याचा अधिकार आपल्याला आहे, ही हमी विक्रेत्याने दिलेली आहे असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. कलम १५ नुसार, वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळणारी असली पाहिजे. म्हणून विक्रेत्याने पेडलच्या स्थितीबद्दल लिहिलेला संदेश जपून ठेवावा. 'सर्व ठीक आहे' या मोघम वाक्याऐवजी 'तिन्ही बटणे, स्विच आणि दोन्ही सप्तके व्यवस्थित चालतात' असे नेमके वर्णन लिहून घ्यावे.

कलम १६ मधील तरतूद या लेखाच्या विषयाशी थेट संबंधित आहे. त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतल्यास तो विक्रीयोग्य दर्जाचा असावा, अशी अट कायदा गृहीत धरतो. मात्र खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत लक्षात यायला हवे होते अशा दोषांबाबत या अटीचा आधार मिळत नाही. आपले स्वतःचे पेडल विकणारा वादक हा व्यापारी नसतो. त्यामुळे त्याच्याकडून घेताना हे संरक्षण आणखीच मर्यादित होते. थोडक्यात, तपासणी वरवरची झाली तर तिचा भुर्दंड खरेदीदारालाच सोसावा लागतो.

दुकानदाराकडून जुने पेडल घेतल्यास पावती अवश्य मागावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करण्यासाठी ती उपयुक्त ठरते. व्यावसायिक प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तू या कायद्याच्या कक्षेबाहेर असल्या, तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा स्वतः तिचा वापर करत असल्यास ग्राहक ठरतो. व्यावसायिक वादकांनी ही तरतूद लक्षात ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५ असा आहे.

चोरीच्या मालाबाबत विशेष दक्षता घ्यावी. चोरीची वस्तू आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना ती अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. किंमत संशयास्पदरीत्या कमी असेल, तळावरील क्रमांक खरवडलेला असेल किंवा विक्रेत्याला पेडल कसे चालवायचे हेच सांगता येत नसेल, तर व्यवहार करू नये.

विक्रेत्याचेही हित

प्रामाणिक माहिती देणे हे विक्रेत्याच्याही हिताचे आहे. पेडल ई तारेवर अडखळते, हे त्याने आधीच सांगितले आणि अशा पेडलचा तो स्वभाव असल्याचे वाजवून दाखवले, तर पुढील तक्रार टळते. खरखरणारे बटण विक्रीपूर्वी स्वच्छ करून घेतल्यास थोड्या खर्चात चांगली किंमत मिळू शकते. सर्किटमध्ये काही बदल केले असल्यास तेही सांगावेत. काही खरेदीदारांना ते हवेच असतात.

लहान शहरात वादकांचे वर्तुळ मर्यादित असते. आज पेडल विकणारा आणि ते घेणारा उद्या एकाच व्यासपीठावर शेजारी उभे राहण्याची शक्यता असते. कायद्याचे संरक्षण जेथे अपुरे पडते, तेथे ही ओळखच दोघांना जबाबदारीने वागण्यास प्रवृत्त करते. तथापि ओळख हा तपासणीला पर्याय ठरत नाही. सदोष पेडल ओळखीतून घेतल्यास पैशांबरोबर संबंधही बिघडतात.

ऑक्टेव्ह पेडल कुठे अडखळते, याला फार महत्त्व नाही. ते कुठे अडखळता कामा नये, हे खरेदीदाराला माहीत असावे. वरचे स्वर स्थिर, दोन्ही सप्तके पूर्ण, बॅटरीवर आवाज स्वच्छ आणि मालकीविषयी शंका नाही, अशा चार गोष्टी जुळल्या तर खरचटलेला रंग आणि झिजलेली अक्षरे मनावर घेण्याचे कारण नाही. यांपैकी एक जरी जुळली नाही, तरी तिचे कारण समजेपर्यंत पैसे देऊ नयेत.